पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या अल्बमविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आणि वादाचे नंतर, असा क्रम आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा अल्बम नेमका कोणाचा आणि कधीचा?

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा हा आठवा स्टुडिओ अल्बम मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी बँडमध्ये रॉजर वॉटर्स (बास गिटार), डेव्हिड गिल्मर (गिटार), रिचर्ड राइट (कीबोर्ड) आणि निक मेसन (ड्रम) असे चौघे होते. अल्बममध्ये दहा रचना आहेत आणि एकूण अवधी सुमारे ४३ मिनिटांचा आहे. सर्व गीते एकट्या वॉटर्स यांनी लिहिलेला हा बँडचा पहिलाच अल्बम होय. संगीत मात्र चौघांचे आहे, आणि पुढच्या काळात या बँडमध्ये जे वाद झाले ते पाहता ही गोष्ट विसरता कामा नये.

२. पिंक फ्लॉइड त्याआधीही नावाजलेला होता ना? मग याच अल्बमला निर्णायक यश का म्हणतात?

इंग्लंडपुरते पाहिले तर शंका रास्त आहे. ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ (१९७०) तेथे पहिल्या क्रमांकावर गेला होता आणि ‘मेडल’ (१९७१) तिसऱ्या. अमेरिकेतील चित्र वेगळे होते. ‘मेडल’ तेथे ७० व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला आणि १९७२ चा ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ ४६ व्या. ज्या देशात सर्वाधिक तबकड्या खपतात, तेथे हा बँड विद्यापीठांच्या आवारातील निवडक श्रोत्यांपुरता मर्यादित होता.

दुसरे कारण आतले आहे. बँडचा पहिला गीतकार आणि प्रमुख गायक सिड बॅरेट मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये बाहेर पडला. त्यानंतरची चार-पाच वर्षे उरलेले चौघे चाचपडत होते. कधी वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, कधी चित्रपटांना संगीत दिले, कधी ऑर्केस्ट्रा सोबत घेतला. त्या चाचपडण्यातून हाती लागलेले सारे काही या ४३ मिनिटांत नेमकेपणाने वापरले गेले आहे, असे माझे मत आहे.

३. अल्बमचा विषय काय आहे? चंद्राशी त्याचा काय संबंध?

खगोलशास्त्राशी काहीही संबंध नाही. माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टी कोणत्या, हा विषय आहे: हातातून निसटणारा काळ, पैसा, मृत्यूचे भय, ‘आपण’ आणि ‘ते’ अशी फूट, आणि शेवटी प्रत्यक्ष भ्रमिष्टपणा. अखेरच्या दोन गाण्यांवर सिड बॅरेटची सावली स्पष्ट आहे. चंद्र येथे वेडाचे प्रतीक म्हणून येतो. इंग्रजीत वेडसर माणसासाठी वापरला जाणारा जुना शब्दच चंद्राच्या लॅटिन नावावरून आलेला आहे. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये, कारण पुरुषसूक्तात चंद्र मनापासूनच जन्मला आहे आणि अमावास्या-पौर्णिमेला डोके फिरते असे आपल्याकडेही घरोघर म्हटले जाते.

शास्त्राच्या दृष्टीने चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून दिसत नाही, तिच्यावरही ऊन पडते. ती न दिसणारी बाजू आहे, काळोखी नव्हे. अल्बम ज्या वाक्यावर संपतो, त्यातही हीच दुरुस्ती गमतीने केलेली आहे (प्रश्न ७ पाहा).

४. अल्बमचे नाव आधी वेगळे होते, हे खरे का?

मूळ नाव हेच होते, पण मध्यंतरी ते बदलावे लागले. मेडिसिन हेड नावाच्या दुसऱ्या एका इंग्लिश बँडने १९७२ मध्ये याच नावाचा अल्बम काढला, तेव्हा पिंक फ्लॉइडने आपल्या रचनेला ‘इक्लिप्स’, म्हणजे ‘ग्रहण’, असे नाव दिले. तो दुसरा अल्बम खपला नाही आणि यांनी आपले नाव परत घेतले. ‘इक्लिप्स’ हे नाव शेवटच्या गाण्याला राहिले.

५. रेकॉर्डिंगच्या आधीच ही गाणी रंगमंचावर सादर झाली होती का?

होय, आणि अल्बमच्या यशाचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटन येथील डोम सभागृहात ही मालिका प्रथम सादर झाली. त्या रात्री ‘मनी’ चालू असताना यंत्रणेत बिघाड होऊन प्रयोग मध्येच थांबवावा लागला. पुढच्या महिन्यात लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये पत्रकारांसमोर ती पूर्ण सादर झाली आणि मग वर्षभर दौऱ्यांत वाजत राहिली. नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही, कारण पंचवीस-तीस प्रयोगांनंतर नाटक बसते असे तेच म्हणतात. कोठे श्रोता कंटाळतो आणि कोठे श्वास रोखून बसतो, हे स्टुडिओत शिरण्यापूर्वीच या चौघांना ठाऊक झाले होते.

वर्षभर वाजवून सारेच जसेच्या तसे राहिले, असे मात्र नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत ‘ऑन द रन’च्या जागी गिटार आणि कीबोर्डची एक मोकळी रचना वाजत असे. स्टुडिओत तिच्याऐवजी सिंथेसायझरवर आठ सुरांची एक ओळ भरून ती भरधाव वेगाने फिरवण्यात आली आणि तिच्या भोवती पावलांचे व विमानतळावरील घोषणेचे आवाज गुंफले गेले.

६. ‘मनी’ या गाण्यातील नाण्यांचा आवाज कसा काढला? आणि गाणे सात मात्रांचे आहे, म्हणजे ते रूपक तालात आहे का?

आज असा आवाज संगणकावर क्षणात तयार होतो. १९७२ मध्ये ते हातकाम होते. वॉटर्स यांच्या तेव्हाच्या पत्नी मातीची भांडी घडवत असत. त्यांच्या माती कालवण्याच्या भांड्यात वॉटर्स यांनी नाणी टाकली आणि तो खणखणाट टेपवर घेतला. गल्ल्याच्या यंत्राची घंटा, कागद फाटल्याचा आवाज असे आणखी तुकडे जमवले. प्रत्येक ध्वनी एका ठोक्यावर पडावा म्हणून टेपच्या फिती पट्टीने मोजून सारख्या लांबीच्या कापल्या, एकापुढे एक चिकटवल्या आणि दोन टोके जोडून त्यांचे कडे केले. ते कडे यंत्रात मावत नसल्यामुळे मायक्रोफोनच्या उभ्या दांडीभोवती ताणून फिरवावे लागले. गाण्याचा ठेका ऐकू येतो तो या फिरत्या कड्याचा, आणि बाकीची वाद्ये त्याला येऊन मिळतात.

सात मात्रा खऱ्या, पण रूपक म्हणता येणार नाही. रूपकाला तीन-दोन-दोन असे विभाग आहेत आणि त्याची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, येते. येथे तशी रचना नाही, बास गिटारची एक घसरती ओळ सात ठोक्यांत पुरी होते, इतकेच. डिक पॅरी यांचे सॅक्सोफोन सातातच वाजते. गिल्मर यांचे गिटारवादन सुरू होताना मात्र गाणे चार मात्रांत जाते, त्यामुळे तेथे गाण्याला एकदम वेग आल्यासारखे वाटते, आणि नंतर ते पुन्हा सातांत परतते. सहज गुणगुणणाऱ्याला हा बदल कळतही नाही. सात मात्रांचे गाणे अमेरिकेच्या एकेरी गाण्यांच्या (सिंगल्स) यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत गेले, याचे रहस्य त्यातच असावे.

७. गाण्यांच्या मधे बोलणारी आणि हसणारी माणसे कोण आहेत?

वॉटर्स यांनी काही प्रश्न कार्डांवर लिहिले होते. तुम्ही शेवटचे हिंसक कधी झालात, तुम्हाला मरणाची भीती वाटते का, अशा धर्तीचे. स्टुडिओत जो भेटेल त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून एकेक कार्ड दाखवले जाई आणि मिळेल ते उत्तर टेपवर घेतले जाई. त्यांत बँडच्या सामानाची व्यवस्था पाहणारे कर्मचारी होते आणि जेथे ध्वनिमुद्रण चालू होते त्या लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओचा द्वारपालही होता. चंद्राला काळोखी बाजू नाहीच, खरे म्हणजे तो सगळाच काळोखा आहे, अशा अर्थाचे अखेरचे बोल या द्वारपालाचेच आहेत. बीटल्स या बँडमधले पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांचीही उत्तरे घेतली होती, परंतु ती फार जपून दिलेली वाटल्यामुळे वगळण्यात आली. द्वारपाल राहिला आणि बीटल गळला, हा निर्णय मला फार आवडतो.

८. शब्दांशिवाय गाणारी ती गायिका कोण? तिने बँडवर दावा लावला होता का?

‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधील आवाज क्लेअर टॉरी यांचा आहे. जानेवारी १९७३ मध्ये, काम संपत आले असताना, ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स यांनी त्यांना बोलावून घेतले. राइट यांची पियानोवरील रचना तयार होती, शब्द नव्हते, आणि काय हवे हे बँडलाही नीट सांगता येत नव्हते. आपला आवाज हेच एक वाद्य मानून टॉरी गायल्या. मोजकीच आवर्तने झाली. रविवारचा दर म्हणून त्यांना ३० पौंड मिळाले आणि त्या घरी गेल्या. आपले गाणे वापरले गेल्याचे त्यांना पुढे दुकानात अल्बमवर नाव पाहून कळले.

दावा त्यांनी २००४ मध्ये लावला. सुरावट जागेवर सुचलेली असल्याने आपणही सहरचनाकार आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, पण तेव्हापासून रचनाकार म्हणून राइट आणि टॉरी अशी दोन नावे छापली जातात. जुन्या प्रतींवर एकट्या राइट यांचे नाव आहे. तुमची प्रत त्यामुळे बनावट ठरत नाही. आलाप ही रचना मानावी की सादरीकरण, हा प्रश्न आपल्या गायकांनाही नवा नाही.

९. मुखपृष्ठावरील इंद्रधनुष्यात एक रंग कमी आहे. ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. शाळेतील ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत मोजले, तर ‘पा’ गळलेला आढळेल. पारव्याला वगळून सहाच पट्टे काढलेले आहेत, आणि आकृती म्हणून ते अधिक ठसठशीत दिसतात. संकल्पना हिप्नोसिस या संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांची, रेखाटन जॉर्ज हार्डी यांचे. काही तरी साधे आणि नेटके हवे, अशी मागणी राइट यांनी केली होती. बँडसमोर अनेक नमुने ठेवण्यात आले आणि काही मिनिटांतच याची निवड झाली. पुढच्या बाजूवर ना बँडचे नाव आहे ना अल्बमचे. आतल्या पानांवर हिरवा पट्टा हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखासारखा वर-खाली होतो, कारण अल्बम ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो.

१०. हा अल्बम एकच आठवडा पहिल्या क्रमांकावर होता असे वाचले. मग त्याला एवढे यशस्वी कसे म्हणायचे?

माहिती बरोबर आहे. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २८ एप्रिल १९७३ च्या आठवड्यात तो पहिला होता, आणि तो एकच आठवडा. इंग्लंडमध्ये तर तो दुसऱ्या क्रमांकापुढे गेलाच नाही. क्रमांक हे त्या आठवड्यापुरते असतात. या अल्बमची मिळकत झाली ती यादीत टिकून राहण्यातून. १९७३ ते १९८८ या काळात तो बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेंत एकूण ७४१ आठवडे होता, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक. दर वर्षी सोळा-सतरा वर्षांची नवी मुले येत आणि ही तबकडी विकत घेत. स्टिरिओ संच विकणारे दुकानदार आपला माल किती चांगला वाजतो हे दाखवायला हीच लावत. १९८० च्या दशकात सीडी आली, तेव्हा ज्यांच्याकडे एलपी होती त्यांनी पुन्हा पैसे मोजले.

११. ते ७४१ आठवडे सलग होते का? आणि १९८८ नंतर अल्बम खपायचा थांबला का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. या पंधरा वर्षांत ७८० हून अधिक आठवडे येतात, त्यामुळे ७४१ सलग असणे शक्यच नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत अल्बम यादीतून अधूनमधून बाहेर पडत असे. १९७६ पासून मात्र तो १९८८ पर्यंत सलग टिकला.

१९९१ मध्ये बिलबोर्डने जुन्या अल्बमांची यादी वेगळी केली आणि मुख्य यादीतील त्यांची जागा काढून घेतली. त्यामुळे खप चालू असूनही हा अल्बम मुख्य यादीत दिसत नव्हता. २००९ च्या अखेरीस नियम बदलून जुन्या अल्बमांना पुन्हा प्रवेश मिळाला आणि हाही परतला. आज त्याच्या मुख्य यादीतील आठवड्यांची बेरीज नऊशेच्या पुढे आहे. आकडेवारी उद्धृत करताना ७४१ हा आकडा १९८८ पर्यंतचा आहे, असे अवश्य नमूद करावे.

१२. अमेरिकेतील यशामागे एक भारतीय होता, ही निव्वळ दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. त्यांचे नाव भास्कर मेनन. १९३४ मध्ये तिरुवनंतपुरम येथे जन्मलेले मेनन ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून लंडनच्या ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीत दाखल झाले आणि नंतर कोलकात्याच्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख झाले. आपल्या घरांतील नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचा एचएमव्हीचा छाप असे, तीच ही कंपनी. १९७१ मध्ये ईएमआयने त्यांना आपल्या तोट्यात गेलेल्या अमेरिकन कंपनीची, कॅपिटॉल रेकॉर्ड्सची, धुरा देऊन अमेरिकेत पाठवले.

पिंक फ्लॉइड तेव्हा कॅपिटॉलवर नाराज होता, कारण कंपनीने आपले आधीचे अल्बम अमेरिकेत नीट विकले नाहीत असे बँडला वाटत होते. पुढच्या अल्बमांसाठी कोलंबिया या दुसऱ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी बोलणी होऊन करारही झाला होता. ‘डार्क साइड’ हा कॅपिटॉलच्या हातातील शेवटचा अल्बम. हातून जाणाऱ्या बँडवर खर्च कशाला करायचा, असा विचार कोणीही व्यापारी करील. मेनन यांनी उलट केले आणि कंपनीची सारी जाहिरात आणि वितरणाची ताकद या एका अल्बमामागे लावली. ‘मनी’ हे एकेरी गाणे अमेरिकेत निघाले. इंग्लंडमध्ये मात्र १९६८ पासून १९७९ पर्यंत या बँडने एकही एकेरी गाणे काढले नव्हते, आणि हा अपवादही तेथे झाला नाही. मेनन यांच्यामुळे अल्बम अमेरिकेत उभा राहिला, असे श्रेय बँडनेही पुढे जाहीरपणे दिले. मार्च २०२१ मध्ये मेनन यांचे निधन झाले.

जाता जाता एक योगायोग नोंदवतो. मेनन यांचे वडील के. आर. के. मेनन हे भारताचे अर्थसचिव होते, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या एक रुपयाच्या नोटेवर त्यांची सही आहे. ‘मनी’ विकणाऱ्याच्या घरात नोटेवरची सही होती.

१३. एकूण किती प्रती खपल्या? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का असतो?

जगभरात सुमारे साडेचार कोटी, हा सर्वसाधारणपणे मान्य झालेला अंदाज आहे. तो अंदाजच आहे, कारण अनेक देशांत त्या काळी मोजणीची व्यवस्था नव्हती आणि चोरट्या कॅसेटी तर कोणीच मोजल्या नाहीत. प्रमाणित आकडा वेगळा असतो. अमेरिकेत १९९८ मध्ये या अल्बमला पंधरा प्लॅटिनम मिळाले, म्हणजे दीड कोटी प्रती दुकानांकडे रवाना झाल्याचे कंपनीने दाखवून दिले. प्लॅटिनमची पद्धतच अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे ‘१९७३ मध्ये प्लॅटिनम’ असा उल्लेख कोठे आढळल्यास तो चुकीचा समजावा. त्या वर्षी मिळाले ते गोल्ड.

१४. एवढा पैसा कोणाला मिळाला? पार्सन्स यांना वाटा होता का?

रचनाकार आणि वादक म्हणून मानधन चौघांना मिळाले. पार्सन्स हे ईएमआयचे पगारी नोकर होते, आठवड्याला सुमारे ३५ पौंडांवर. अल्बमच्या खपात त्यांना वाटा नव्हता. ‘टाइम’च्या सुरुवातीला जी घड्याळे एकदम वाजतात, ती त्यांनीच जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती आणि तीही चौफेर ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठी, या गाण्यासाठी नव्हे. ध्वनिमुद्रणासाठी त्यांना ग्रॅमीचे नामांकन मिळाले, पुरस्कार मिळाला नाही.

बँडच्या पैशाचा एक छोटा भाग ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या विनोदी चित्रपटात गुंतवला गेला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र चुकीच्या गुंतवणुकींत बरेच पैसे बुडाले आणि करांचा बोजा टाळण्यासाठी चौघांना वर्षभर इंग्लंडबाहेर राहावे लागले. पैशाविषयी एवढे कडवट गाणे लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे यावे, याला काय म्हणावे! २०२४ मध्ये बँडच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीने घेतले. व्यवहार सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याचे वृत्त होते. गीतलेखनाचे हक्क त्यात नाहीत.

१५. हा अल्बम ‘द विझार्ड ऑफ ओझ’ या चित्रपटाबरोबर लावला की जुळतो, हे मुद्दाम केले आहे का?

नाही. बँडने आणि पार्सन्स यांनी हे वेळोवेळी नाकारले आहे. १९७२ मध्ये स्टुडिओत चित्रपट लावून, थांबवून, पुन्हा मागे नेऊन त्यावर गाणी बसवण्याची सोयच नव्हती. दोन लांब गोष्टी एकत्र लावल्या की काही ठिकाणे जुळतात आणि आपण तेवढीच लक्षात ठेवतो. मौज म्हणून जरूर पाहावे.

१६. हा अल्बम भारतात प्रत्यक्ष सादर झाला आहे का?

पिंक फ्लॉइड म्हणून कधीच नाही. रॉजर वॉटर्स यांनी आपल्या स्वतंत्र वादकांसह फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर, संपूर्ण अल्बम सादर केला. चौघे जण एकत्र शेवटचे वाजवायला उभे राहिले ते लंडनच्या हाइड पार्कमध्ये, जुलै २००५ मध्ये. त्यात या अल्बममधील ‘ब्रीद’ आणि ‘मनी’ ही गाणी होती. २००८ मध्ये राइट यांचे निधन झाले.

१७. पहिल्यांदाच ऐकणार आहे. कोणती आवृत्ती घ्यावी, आणि गाणी उलटसुलट क्रमाने ऐकली तर चालतील का?

मूळ स्टिरिओ मिश्रण घ्यावे, मग ते एलपीवर असो की फोनवर. २००३ चे जेम्स गथ्री यांनी केलेले चौफेर मिश्रण उत्तम आहे, पण त्यासाठी घरात पाच-सहा स्पीकर हवेत. वॉटर्स यांनी २०२३ मध्ये काढलेली ‘रीडक्स’ ही आवृत्ती म्हणजे त्यांनी बँडच्या इतर सदस्यांशिवाय केलेले नवे ध्वनिमुद्रण आहे. तीत गिल्मर यांची गिटार नाही. शोधताना तीही समोर येते आणि फसगत होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

क्रम मोडू नये. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, त्यामुळे फोनमधील क्रम उलटसुलट करण्याची सोय बंद करावी आणि दोन गाण्यांत क्षणभर शांतता सोडणारी सोय असेल तर तीही बंद करावी. अपवाद एकच. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ संपल्यावर एलपीची बाजू उलटावी लागत असे, आणि मृत्यूच्या गाण्यानंतर उठून, तबकडी हातात घेऊन, सुई पुन्हा टेकवेपर्यंतची ती शांतता अल्बममध्येच धरलेली होती. फोनवर ऐकत असाल, तर तेथे अर्धा मिनिट थांबावे आणि मग नाणी वाजू द्यावीत.